पाळण्याची भाषा आणि पाटीची भाषा

आईबाप मुलांना कसे वाढवतात, हा प्रश्न आपण सहसा स्वभावाचा किंवा संस्काराचा मानतो. बीदर जिल्ह्यातील भालकी, औराद, बसवकल्याण या तालुक्यांत आणि कलबुर्गीच्या आळंद भागात मराठी घरांपुढे तो मुख्यतः चरितार्थाचा प्रश्न होऊन बसला आहे.

सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. कचेरीचा कारभार उर्दूत चाले. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. घरी मराठी बोलणारा बाप मुलाला कारकुनी मिळावी म्हणून उर्दू गिरवावयास लावी. ज्यांना कारकुनीची आशाच नव्हती, त्यांची मुले गुरांमागे जात, आणि अशीच घरे अधिक होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. उदगीर, निलंगा मुंबई राज्यात गेले; भालकी, औराद म्हैसूर राज्यात आले. सोयरिकी सीमेच्या दोन्ही बाजूंस राहिल्या, नोकरीची भाषा मात्र कन्नड झाली.

पुढे २०१२ च्या घटनादुरुस्तीने ३७१ ञ हे कलम आले व येथील स्थानिकांस शिक्षणात आणि नोकऱ्यांत राखीव जागा मिळू लागल्या. २०१५ च्या कायद्याने शाळांतून कन्नड शिकणे सक्तीचे केले. पालकांनी याचा हिशेब केला, यात नवल नाही. मातृभाषेचे प्रेम आटले, असा ठपका त्यांच्यावर ठेवणारे बहुधा दूरच्या शहरांत राहतात व स्वतःची मुले इंग्रजी शाळांत घालतात.

मात्र या हिशेबाची किंमत घरात मोजावी लागते. नांगर कसा धरावा, पेरणी केव्हा करावी, हे शेतकरी बाप मुलाला स्वतः शिकवू शकत असे. मुलाचे कन्नड किंवा इंग्रजी पुस्तक त्याला उघडूनही पाहता येत नाही. मग धाक उरतो, मार्गदर्शन शिकवणीवाल्याकडे जाते. फी दोघांची झेपत नसेल, तर इंग्रजी शाळा मुलाच्या वाट्याला आणि जवळची सरकारी शाळा मुलीच्या वाट्याला येते. जात्याबरोबर ओव्या गेल्या, तेव्हा आजीचीही शाळा बंद पडली होती; तिची नोंद मात्र कोणत्याच खात्यात नाही.

शेताची पहाणी कन्नडमध्ये छापून येते. मराठी शाळेत शिकलेला बाप ती मुलीपुढे धरतो. ती सर्व्हे नंबर, क्षेत्र, पीक एकेक वाचून मराठीत सांगते, आणि तो मान डोलावत ऐकतो.