गाडीचे अभ्यंगस्नान

नवरात्र बसले की मंडळाच्या फोनवर दरवर्षी एक प्रश्न हमखास येतो. "खंडेनवमीला गाडीची पूजा करायची आहे हो, पण गाडी पार कळकट दिसते. ते इलेक्ट्रिक मशीन फिरवून चकाचक करता येईल का?" येईल. पण आधी आमची एक कबुली ऐकून घ्यावी.

काही वर्षांपूर्वी आपले एक सभासद कायमचे पुण्याला परत निघाले होते. घरातले सामान निघाले, राहिली ती गडद निळी कॅमरी. रंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक चरे पडले होते, त्यामुळे गिऱ्हाईक भाव पाडून मागत होते. रसायनशास्त्रातली डॉक्टरेट असल्यामुळे रंग, मेण, पॉलिश या विषयांवर अधिकारवाणीने बोलायची आम्हाला जुनी खोड. आम्ही छातीठोकपणे म्हणालो, "एक शनिवार द्या, नवी करून देतो." भाड्याने बफर आणला, तोही धंदेवाईक लोक वापरतात तो, नुसता गरगर फिरणारा. अर्धे हुड आरशासारखे झाले. चार शेजारी बघायला जमले. आम्हाला चेव आला आणि हुडच्या मधल्या उंचवट्यावर हात दोन-तीन सेकंद रेंगाळला. उचलून पाहतो तो पांढरी गादी निळी झालेली, आणि उंचवट्यावर बोटभर लांबीचा फिकट पट्टा.

हे का झाले ते आम्हाला त्याच क्षणी कळले. कळून उपयोग नव्हता, एवढेच.

गाडीच्या रंगाचा इतिहास आपल्या मिशिगनशी बांधलेला आहे. पूर्वी गाडी रंगवून वाळायला आठवडे लागत. १९२३ साली ड्यू पाँट आणि जनरल मोटर्स यांनी ड्यूको नावाचे नायट्रोसेल्युलोज लॅकर आणले आणि पाँटियाकमध्ये बनणाऱ्या ओकलँड गाडीच्या १९२४च्या मॉडेलवर ते प्रथम झळकले. ते झटपट वाळे, पण वाळल्यावर मंद दिसे. चकाकी हवी तर घासावेच लागे. गाडी घासून चमकवायची सवय त्या काळापासूनची. तेव्हा ते चालून गेले, कारण रंगाचा थर वरपासून खालपर्यंत एकच होता. १९८०च्या दशकात मात्र बहुतेक कारखान्यांनी पद्धत बदलली. खाली पातळ रंग, आणि त्यावर क्लिअर कोट म्हणजे बिनरंगी पारदर्शक थर. आज आपण ज्याला गाडीचा रंग म्हणून घासतो, तो खरे तर हा बिनरंगी थर असतो. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही कमी. उन्हातल्या अतिनील किरणांपासून खालच्या रंगाला वाचवणारी द्रव्येही याच थरात असतात. पांढऱ्या फडक्यावर रंग उतरला, तर एक तर गाडी जुन्या पद्धतीने रंगवलेली आहे, किंवा तुम्ही आम्ही केले तेच केले आहे.

कडा आणि उंचवटे आधी का जातात? ओला रंग भट्टीत तापताना पृष्ठताणामुळे धारदार कडेवरून मागे सरकतो, त्यामुळे तिथला थर मुळातच पातळ. त्यात गादीचा सगळा दाब सपाट पृष्ठभागावर पसरण्याऐवजी त्या रेघेवर येतो. घर्षणाने तापते, तापले की थर मऊ पडतो आणि भराभर निघतो. प्लॅस्टिकच्या बंपरवर तर आणखी जपावे. पत्र्यातून उष्णता पसरते, प्लॅस्टिकमध्ये ती तिथेच साठते.

आता मुख्य मुद्दा. आपल्या लोकांत पॉलिश आणि वॅक्स हे शब्द चहा-चहापत्तीसारखे सैल वापरले जातात. पॉलिश म्हणजे उटणे. त्यात अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडसारखी बारीक कठीण भुकटी असते. चरा बुजत नाही, त्याच्या आजूबाजूचा थर खाली आणला जातो, म्हणून तो दिसेनासा होतो. वॅक्स म्हणजे तेल. ते काही काढत नाही, वर माखले जाते. अभ्यंगात तेल आधी, उटणे मागून. गाडीचा क्रम उलटा. उटणे वर्षात एकदा, तेही गरज असेल तर. तेल तीन-चार वेळा लावले तरी हरकत नाही.

बफर कोणता घ्यावा? नुसता गोल फिरणारा नको, हे सांगायचा अधिकार आम्ही रीतसर कमावला आहे. रँडम ऑर्बिटल किंवा ड्युअल अ‍ॅक्शन नावाचा घ्यावा. त्याची गादी फिरते आणि शिवाय डगडगते, त्यामुळे एका ठिकाणी उष्णता साठत नाही, आणि फार दाबले तर ती फिरायचीच थांबते. नवशिक्याला असा सोशीक शिक्षक मिळणे भाग्याचे. टॉवेलची टोपी घातलेले स्वस्तातले मशीन वॅक्स पसरायला ठीक आहे, त्याने चरे जात नाहीत.

गाडी आधी नीट धुवा. पातळ प्लॅस्टिकची पिशवी हातात घालून रंगावरून बोटे फिरवा. खरखर लागली तर ती चिकटलेली धूळ, लोखंडाचे कण वगैरे. ती साबणाने जात नाही. त्यासाठी क्ले बार नावाची मऊ माती मिळते, ती भरपूर ओलाव्यावर हलकेच सरकवावी. जमिनीवर पडली तर सरळ फेकून द्या, धुऊन वापरू नका. मग कडांवर आणि काळ्या प्लॅस्टिकवर निळी मास्किंग टेप चिकटवा. त्या दिवशी आमच्याजवळ टेप होती. पिशवीतच राहिली.

घड्याळ, अंगठी, कडे, पट्ट्याचे बक्कल सगळे उतरवा. वायर खांद्यावरून मागे टाका, म्हणजे ती रंगावर घासणार नाही. फोमच्या गादीवर पॉलिशचे वाटाण्याएवढे चार थेंब पुरतात. गादी पत्र्यावर टेकवूनच बटण दाबावे. अधांतरी दाबले तर पॉलिश तुमच्या, शेजाऱ्याच्या आणि गराजच्या दाराच्या अंगावर समान वाटले जाते. एका वेळी दोन फूट बाय दोन फूट एवढाच तुकडा घ्यावा, मशीन मध्यम वेगावर, हात सावकाश, आधी आडवा मग उभा. सगळ्यात सौम्य पॉलिशने सुरुवात करून एक तुकडा पुसून पाहावा. तेवढ्याने भागत असेल तर जास्त कडक बाटली उघडूच नये. नखाला लागेल इतका खोल चरा असेल तर तो सोडून द्यावा. तो घालवायच्या नादात क्लिअर कोट जातो.

हे सारे सावलीत, पत्रा हाताला गार लागत असताना.

मग वॅक्स. उत्तम समजले जाणारे कार्नोबा ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या एका ताडजातीच्या झाडाच्या पानांवरून मिळते. मुलांच्या चकचकीत गोळ्यांवरही तेच असते. ते वितळते ८२ ते ८६ अंश सेल्सियसला, मधमाशीचे मेण ६२-६४ला, म्हणून उन्हात तापलेल्या छतावर कार्नोबा जास्त टिकते. मशीन कमी वेगावर ठेवून अगदी पातळ थर द्यावा, जाड थराने फक्त पुसण्याचे कष्ट वाढतात. पुसायला मायक्रोफायबर. जुन्या धोतराबद्दल आम्हाला पूर्ण आदर आहे, पण त्याच्या शिवणीने चरे पडतात.

आपल्याकडे दसरा नेमका हिमाच्या तोंडावर येतो, ही मोठी सोय. डेट्रॉइटच्या पोटातच मिठाची खाण, त्यामुळे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकताना कोणी हात आखडत नाही. वॅक्समुळे मिठाची राड रंगाला कमी चिकटते. मात्र गाडी गंजते ती खालून, तिथे वॅक्स पोचत नाही. हिवाळ्यात अधूनमधून गाडीचा तळ धुवून घ्यावाच.

पूजेबद्दल दोन शब्द. कुंकवाचे स्वस्तिक काचेवर काढावे, रंगावर कोरडे कुंकू बोटाने रगडू नये. हळदीचा डाग पडला तर घाबरू नका, तो उन्हाने उडतो. झेंडूचा हार तारेत ओवलेला नको, दोऱ्यात असावा. नारळ गाडीपासून चार पावले दूर फोडावा. करवंटीचा तुकडा उडून पडलेला टवका कोणत्याही बफरने जात नाही.

त्या कॅमरीचे काय झाले? गिऱ्हाइकाने पट्टा पाहिला आणि आणखी तीनशे डॉलर कमी केले. आम्ही त्या रकमेचा चेक घेऊन गेलो. सभासद घराच्या पायरीवर बसले होते, आत खुर्चीच उरली नव्हती. म्हणाले, "डॉक्टर, या गाडीतून मुलीला हॉस्पिटलातून घरी आणली. तिला कोणी नुसते विकायला धुतले असते. तुम्ही दिवसभर अंग मोडून घासलीत." चेक त्यांनी घेतला नाही. तो त्या वर्षी गणपतीच्या वर्गणीत जमा झाला. हिशेबात "गाडी पॉलिश" अशी नोंद पाहून ज्यांनी विचारणा केली होती, त्यांना हे उत्तर.

दसऱ्याआधीच्या शनिवारी सकाळी नऊला आमच्या गराजमध्ये प्रात्यक्षिक आहे. तापमान ५० अंश फॅरनहाइटच्या खाली असेल तर पुढच्या शनिवारी. गाडी धुऊन आणावी, मायक्रोफायबरचे चार रुमाल आणावेत. मशीन, टेप आणि चहा आमच्याकडून. गाडी आमचीच वापरू.