साठवलेल्या फेऱ्यांचे गणित

चंद्रपूर जिल्ह्याच्या उत्तर भागातील नागभीड, ब्रह्मपुरी, सिंदेवाही या पट्ट्यात आणि पलीकडे गडचिरोलीत अंगमेहनतीची जी कामे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत, म्हणजे बांधीतली रोवणी, धानाची चुरणी, बांबू फोडून कमच्या काढणे, विटा पाडणे, त्यांतल्या बहुतेकांसाठी अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकात तयार सूत्र मिळत नाही. पोलादी तुळई किती वाकेल हे कागदावर काढता येते, कारण पोलाद सर्व दिशांनी जवळपास सारखेच वागते. मानवेल बांबूचे तसे नाही. तो उभ्या धाग्यांच्या दिशेने सहज फाटतो, पण आडवा तोडताना हट्टाने विरोध करतो. बुंध्याकडे त्याची भिंत जाड असते आणि शेंड्याकडे पातळ होत जाते. दर पेराला गाठ येते व गाठीपाशी धागे वळलेले असतात. शिवाय ओला बांबू आणि चार महिने सावलीत वाळलेला बांबू हे कापणाऱ्या पात्याच्या दृष्टीने दोन वेगळे पदार्थच असतात. अशा पदार्थावर चालणाऱ्या यंत्राला किती जोर लागेल, किती वेळ लागेल, हे आधी सांगायचे असेल तर प्रयोगातून आकडे गोळा करून त्यांवर गणिती प्रतिमान उभे करावे लागते. नेमके हेच काम नागपुरात एका चाकाच्या निमित्ताने गेली चार दशके चालू आहे.

ते चाक म्हणजे मानवशक्तीवर चालणारी फ्लायव्हील मोटर. नागपूरच्या विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयात, म्हणजे आजच्या व्हीएनआयटीत, यंत्र अभियांत्रिकीचे प्राध्यापक असलेले जयंत मोडक यांनी १९७९ च्या सुमारास विटा पाडण्याच्या मानवचलित यंत्रावर काम सुरू केले आणि त्यातून ही मोटर आकाराला आली. तिची रचना साधी आहे. सायकलसारख्या सांगाड्यावर बसून एक माणूस पायडल मारतो, चेन आणि वेग वाढवणारे गिअर यांच्यामार्फत जड फ्लायव्हील फिरू लागते आणि साधारण मिनिटभरात त्याचा वेग मिनिटाला सुमारे ६०० फेऱ्यांपर्यंत पोहोचतो. त्यानंतर पायडल मारणे थांबते, क्लच जोडला जातो आणि चाकात साठलेली ऊर्जा काही सेकंदांत कामाच्या यंत्राकडे जाते. ते यंत्र चिकणमाती साच्यातून दाबून बाहेर काढणारे असेल, कडबा कापणारे असेल किंवा बांबूच्या कमच्या पाडणारे असेल. ऊर्जा साठवणारा भाग, गती पोहोचवणारा भाग आणि काम करणारा भाग ही तिपेडी मांडणी मात्र सगळीकडे सारखीच राहते.

यामागचा हिशेब समजून घेण्याजोगा आहे. निरोगी माणूस सलग काम करताना जेमतेम अश्वशक्तीच्या दहाव्या भागाएवढी, म्हणजे सुमारे ७५ वॅट शक्ती देऊ शकतो आणि मिनिटभराच्या कामात ती १०० वॅटपर्यंत नेणे त्याला जड जात नाही. १०० वॅटने ६० सेकंद पायडल मारल्यास ६,००० जूल ऊर्जा चाकात जमा होते, आणि चाकाचे जडत्व-आघूर्ण, म्हणजे त्याच्या फिरण्यातील बदलाला होणारा विरोध, ३ किलोग्रॅम-चौरस मीटर असेल तर मिनिटाला ६०० फेऱ्यांच्या वेगाला त्याची गतिज ऊर्जा जवळपास एवढीच भरते. हीच ऊर्जा पाच सेकंदांत खर्च केली तर मिळणारी शक्ती १,२०० वॅट होते, म्हणजे दीड अश्वशक्तीहून जास्त. साठवलेल्या ऊर्जेचा आणखी एक गुण असा की ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. त्यामुळे वेग ६०० वरून ३०० वर येईपर्यंत तीन-चतुर्थांश ऊर्जा खर्च झालेली असते आणि चाक अजून जोरात फिरते आहे असे डोळ्यांना वाटत असले तरी हाती उरलेला साठा पाव हिश्शाचाच असतो.

क्लच जोडण्याचा क्षण या सगळ्यात सर्वांत नाजूक. फिरते चाक आणि स्थिर दांडा एकमेकांना पकडतात तेव्हा त्यांचा एकूण कोनीय संवेग टिकतो, पण ऊर्जेचा काही भाग धक्क्यात आणि उष्णतेत जातो. हा वाया जाणारा वाटा किती, हे स्थिर भागाच्या जडत्वाचे दोघांच्या एकत्रित जडत्वाशी असलेले प्रमाण सांगते. चाकाचे जडत्व ३ आणि पुढच्या यंत्राचे ०.३ धरल्यास सुमारे ९ टक्के ऊर्जा त्या एका क्षणात निघून जाते. मध्ये वेग निम्मा करणारी गिअरजोडी बसवली तर पुढच्या यंत्राचे जडत्व चाकाला पावपट जाणवते आणि तोटा अडीच टक्क्यांच्या आत येतो. साधा गिअर बदलल्याने एवढा फरक पडतो, हे यंत्र हाताळून सहज लक्षात येत नाही, गणिताने मात्र तत्काळ दिसते, आणि प्रतिमान कशासाठी हवे याचे यापेक्षा चांगले उत्तर शोधावे लागत नाही.

क्लच जोडल्यानंतरच्या काही सेकंदांचे सिम्युलेशन, म्हणजे घटनेची संगणकावर केलेली पावलापावलाची पुनर्रचना, तत्त्वतः अवघड नाही. चाकाचा वेग कमी होण्याचा दर हा यंत्राच्या विरोधी टॉर्कवर, म्हणजे फिरणे अडवणाऱ्या पिळावर, अवलंबून असतो, म्हणून सेकंदाच्या शंभराव्या हिश्शाएवढे पाऊल घ्यायचे, त्या क्षणाचा टॉर्क चाकाच्या जडत्वाने भागून आणि पावलाच्या काळाने गुणून वेगात होणारी घट काढायची, नवा वेग लिहायचा आणि पुढचे पाऊल टाकायचे, असे करत वेगाचा संपूर्ण उतार मिळतो. मग दांड्यावर बसवलेल्या वेगमापकाने नोंदवलेला उतार शेजारी ठेवून दोन्ही जुळतात का ते पाहायचे. अडचण एकच असते आणि ती मोठी असते: बांबू फोडताना विरोधी टॉर्क किती, हेच आधी ठाऊक नसते. तो मिळवण्यासाठी पुन्हा प्रयोगाकडेच वळावे लागते, आणि नागपूरच्या या परंपरेची खरी ओळख येथे होते.

मोडक आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी यासाठी हिल्बर्ट शेंक यांच्या अभियांत्रिकी प्रयोगशास्त्रावरील ग्रंथातील पद्धत स्वीकारली. तिचा पाया मितीय विश्लेषण हा आहे. वस्तुमान, लांबी आणि काळ या तीन मूळ मितींतून बनलेल्या राशी अशा रीतीने एकत्र गुणायच्या-भागायच्या की उरलेल्या गटाला कोणतेच एकक राहू नये. एडगर बकिंगहॅम यांनी १९१४ मध्ये मांडलेल्या प्रमेयानुसार बारा राशींचा प्रश्न असल्यास सामान्यतः तीन कमी, म्हणजे नऊ मितिहीन गट पुरतात. बारा राशींपैकी प्रत्येकीच्या चार पातळ्या घेऊन सर्व संयोग तपासायचे तर १,६७,७७,२१६ प्रयोग लागतील. नऊ गटांना तेच २,६२,१४४ वर येते, पण तेवढेही कोणत्या कार्यशाळेला शक्य नाही. म्हणून एका वेळी एकच गट बदलायचा आणि बाकीचे ठरावीक पातळीवर स्थिर ठेवायचे अशी योजना केली जाते, ज्यात एक समान आरंभबिंदू धरून २८ प्रयोगांत काम भागते. या प्रयोगांतून मिळालेल्या उत्तरांचे आणि गटांचे लॉगरिदम घेऊन समाश्रयणाने, म्हणजे नोंदींना सर्वांत जवळून जुळणारे समीकरण शोधण्याच्या रीतीने, प्रत्येक गटाचा घातांक काढला जातो, आणि अखेरीस एक स्थिरांक व अनेक घातांकित गटांचा गुणाकार असे सुटसुटीत समीकरण हाती येते. घातांक धन असेल तर तो गट वाढल्याने उत्तर वाढते, ऋण असेल तर घटते, आणि त्याचे मूल्य जेवढे मोठे तेवढा त्या गटाचा प्रभाव जास्त. यंत्र बनवणाऱ्याला कुठे हात घालावा हे एका ओळीत वाचता येते. मोडक आणि बापट यांनी या मोटरीचे असे सर्वसाधारण प्रायोगिक प्रतिमान १९९४ मध्ये ‘अप्लाइड एर्गोनॉमिक्स’ या शोधपत्रिकेत प्रसिद्ध केले, तर चुना, फ्लायॅश (कोळसा जळून उरणारी बारीक राख) आणि वाळू यांच्या विटा पाडणाऱ्या यंत्राची रचना मोडक आणि मोघे यांनी १९९८ मध्ये ‘ह्यूमन पॉवर’ या नियतकालिकात मांडली. कोळशावर चालणाऱ्या चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राकडे पाहता फ्लायॅशची निवड या प्रदेशाला किती जवळची आहे हे वेगळे सांगायला नको.

या पद्धतीचे कौतुक जितके होते तितकी तिची झडती घेतली जात नाही, आणि ती घेणे आवश्यक आहे. पहिली गोष्ट म्हणजे एका वेळी एक गट बदलण्याची योजना गुपचूप एक गृहीत धरते, ते असे की सर्व गटांचे परिणाम एकमेकांत फक्त गुणले जातात. ओल्या बांबूवर वेग वाढवल्याचा परिणाम एक आणि कोरड्या बांबूवर दुसराच असेल, तर गुणाकाराचे समीकरण हा फरक पकडू शकत नाही. याची तपासणी करण्याचा मार्ग आहे: बाकीचे गट दुसऱ्या पातळीवर नेऊन तीच मालिका पुन्हा घ्यायची आणि घातांक तोच येतो का ते पाहायचे. ही दुसरी मालिका खर्चिक असल्याने ती वगळण्याचा मोह पडतो.

दुसरा दोष अधिक सूक्ष्म आहे. मितिहीन गट बनवताना उत्तराच्या गटात आणि कारणाच्या गटात एकच राशी येऊ शकते, उदाहरणार्थ दोन्हींत चाकाचा वेग. मग त्या राशीतील चढउतारामुळे दोन्ही गट एकदम हलतात आणि आलेखावर सुरेख सरळ रेषा दिसते, जरी मूळ राशींमध्ये काहीच संबंध नसला तरी. गुणोत्तरांमधून उगवणाऱ्या अशा खोट्या सहसंबंधाचा इशारा कार्ल पिअर्सन यांनी १८९७ मध्येच दिला होता. म्हणून सहसंबंध-गुणांक ०.९५ आला एवढ्यावर समाधान न मानता मूळ राशीच्या पातळीवर, सेकंदांत आणि न्यूटन-मीटरमध्ये, चूक किती राहिली हे पाहावे लागते. त्यातही लॉगरिदमच्या पातळीवर लहान दिसणारी चूक प्रत्यक्षात मोठी असते; दहाच्या पायावरील लॉगमधील ०.१ चा फरक म्हणजे मूळ मूल्यात सुमारे २६ टक्क्यांचा फरक.

आणि तिसरे, ज्या नोंदींवरून घातांक काढले त्याच नोंदींशी प्रतिमानाचे उत्तर ताडून पाहणे ही तपासणी नव्हे. अलीकडच्या काळात या समीकरणांच्या जोडीला आर्टिफिशियल न्यूरल नेटवर्क, म्हणजे नोंदींतून संबंध शिकणारी संगणकीय रचना, वापरण्याची प्रथा रुळली आहे, आणि तिचे उत्तर मोजमापाशी अधिक जवळ येते. पण पंचवीस-तीस नोंदींवर शिकलेली अशी रचना नियम शिकते की नोंदी पाठ करते, हे काही नोंदी आधीच बाजूला ठेवून नंतर त्यांवर परीक्षा घेतल्याशिवाय कळत नाही. गुणाकाराचे साधे समीकरण या बाबतीत उलट अधिक प्रामाणिक ठरते, कारण चुकले तर ते उघडपणे चुकते.

नागपूरच्या कार्यशाळेपासून नागभीड सुमारे शंभर किलोमीटर दूर आहे, परंतु प्रयोगाच्या दृष्टीने हे अंतर बरेच मोठे आहे. कार्यशाळेतील बांबूचे तुकडे एकाच लांबीचे, निवडलेल्या व्यासाचे आणि बहुधा एकाच मोळीतले असतात. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गावाला वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये ग्रामसभेच्या हाती बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार आला, तेव्हापासून गावोगावी बांबूवर प्रक्रिया करण्याचा विचार गंभीरपणे होऊ लागला; पण ग्रामसभेच्या रानातून येणारा बांबू वाकडा, कमी-जास्त वयाचा, काही करकरीत हिरवा तर काही किडलेला असतो. बुरूड कारागीर कोयत्याची पहिली फट कुठे द्यायची हे बांबू हातात फिरवून ठरवतो आणि गाठीपाशी हात आपसूक सावरतो. ठरावीक वेगाने फिरणाऱ्या पात्याला ही सोय नाही, म्हणून गाठींमधील अंतर, भिंतीची जाडी आणि ओलावा या तीन राशी प्रतिमानात आल्याच पाहिजेत, आणि त्यांच्या पातळ्या रानात सापडतात तेवढ्या विस्तृत असल्या पाहिजेत. घातांकी समीकरण त्याच्या प्रयोगमर्यादेबाहेर ताणले तर ते बिनदिक्कत उत्तर देते आणि ते उत्तर निराधार असते. पायडल मारणाऱ्या माणसाचेही तेच. त्याचे वजन, पायाची लांबी, वय आणि त्या दिवशीचा उकाडा यांनी साठणारी ऊर्जा बदलते, आणि महाविद्यालयातील विशीच्या तरुणांवर घेतलेले आकडे पन्नाशीच्या कारागिराला लावता येत नाहीत.

वीज खेडोपाडी पोहोचल्यानंतर या मोटरीची मूळ निकड कमी झाली हे मान्य करायला हवे. एक अश्वशक्तीची विजेची मोटर तिच्यापेक्षा सुटसुटीत आहे. पद्धत मात्र यंत्रापेक्षा जास्त टिकली. तिचेच पुढचे रूप क्षेत्रीय नोंदींवर आधारलेले प्रतिमान म्हणून ओळखले जाते, ज्यात प्रयोगकर्ता काही बदलत नाही, तर शेतात किंवा बांधकामावर जे चालले आहे ते मोजून घेतो. रोवणीच्या कामाला ती लावायची तर चिखलाची खोली, रोपाचे वय, बाईची उंची, वाकण्याचा कोन, हवेतील आर्द्रता आणि तासाला रोवलेले क्षेत्र अशा राशी नोंदवाव्या लागतात. नागभीड तालुक्याला बांधीतील निरीक्षण नवे नाही. याच तालुक्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी १९८० च्या दशकात धानातील वेगळ्या दिसलेल्या लोंब्या निवडून, वर्षानुवर्षे वेगळ्या पेरून पुढे एचएमटी या नावाने प्रसिद्ध झालेला वाण घडवला, आणि त्या निवडीत एकही समीकरण नव्हते. त्यांच्या हाती एक सवलत होती जी क्षेत्रीय प्रतिमान करणाऱ्याला नसते: कोणते बी कुठे पडेल हे त्यांनाच ठरवता येत होते. रोवणीच्या नोंदींत दुपार झाली की तापमानही वाढलेले असते, बाई थकलेलीही असते आणि बांधीतले पाणीही कोमट झालेले असते; या तीन राशी एकत्रच हलतात, आणि समाश्रयण त्यांतल्या कोणत्या राशीला किती घातांक देईल हे दहा नोंदी जास्त-कमी झाल्या तरी बदलते.