रस्ता एक, केबल डिजिटल होण्याच्या तारखा दोन!

नगर रस्त्यावर खराडीच्या पुढे वाघोली लागते. केबल डिजिटल करण्याची मुदत मात्र खराडीला ३१ मार्च २०१३ होती आणि वाघोलीला ३१ मार्च २०१७. हा चार वर्षांचा फरक कशामुळे?

हद्दीचा खेळ
केंद्राने चार टप्पे आखले. आधी चार महानगरे, मग पुण्यासह ३८ शहरे, नंतर उरलेला शहरी भाग आणि शेवटी ग्रामीण भाग. खराडी १९९७ पासून पुणे महापालिकेत होती. वाघोलीत ग्रामपंचायत होती. ती महापालिकेत आली ३० जून २०२१ रोजी.

नेमके काय बदलले?
ॲनालॉगमध्ये एका वाहिनीला फ्रिक्वेन्सीचा एक अख्खा पट्टा लागे. त्यामुळे केबलवर जेमतेम शंभरेक वाहिन्या बसत. डिजिटलमध्ये चित्र आणि आवाज आकड्यांत बदलून, आकार कमी करून पाठवतात. त्याच पट्ट्यात दहाच्या आसपास वाहिन्या मावतात.

बॉक्स कशासाठी?
सिग्नल सांकेतिक रूपात येतो, तो बॉक्स उलगडतो. प्रत्येक बॉक्सची नोंद असते. पूर्वी केबलचालक सांगेल तीच ग्राहकसंख्या धरली जाई आणि करमणूक कर बुडे. आता जोडण्या लपवणे अवघड झाले.

ग्राहकाच्या खिशाचे काय?
जुना टीव्ही टाकून द्यावा लागत नाही. ऑडिओ-व्हिडिओ पिनांची सोय असली की बॉक्स जोडता येतो. मात्र घरात दोन टीव्ही असतील तर बॉक्सही दोन लागतात. मासिक शुल्क नको असेल, तर दूरदर्शनच्या ‘डीडी फ्री डिश’चा पर्याय आहे. तिथे छत्री आणि बॉक्सचा खर्च एकदाच येतो.