पायलूसीन: पायथॉनच्या तोंडून जावा

"पिप इन्स्टॉल मारलं की झालं." पायलूसीनचं नाव पहिल्यांदा ऐकणाऱ्या पायथॉनवाल्याची ही पहिली समजूत, आणि पुढचे बहुतेक घोटाळे तिच्यातूनच निघतात. नावात 'पाय' आहे म्हणजे वस्तू पायथॉनची, असं त्याला वाटतं.

वस्तू जावाची आहे. मजकुरात शोध घेणारी लूसीन ही लायब्ररी डग कटिंग यांनी १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात जावात लिहायला घेतली. 'लूसीन' हे त्यांच्या पत्नीचं मधलं नाव. पायलूसीन म्हणजे तीच पायथॉनमधून वापरण्याची सोय; तिच्यातलं काहीही पायथॉनमध्ये नव्याने लिहिलेलं नाही. पायथॉनच्या प्रोसेसमध्येच जावाचं जेव्हीएम, म्हणजे जावा प्रोग्राम चालवणारं इंजिन, सुरू होतं आणि दोघांच्या मधे जेसीसी नावाचा दुभाष्या उभा राहतो. तो लूसीनच्या जार फाइली वाचून त्यातल्या क्लासांसाठी सी प्लस प्लसमधला कोड तयार करतो. म्हणून हा शोध पायथॉनच्या वेगाने, म्हणजे रखडत चालतो, ही भीती फोल आहे. खरं काम जेव्हीएमच करतं. आणि सोलर किंवा इलॅस्टिकसर्चसारखा वेगळा सर्व्हरही उभा करावा लागत नाही. ते दोघे लूसीनवर बांधलेले सर्व्हर आहेत, ही नुसती लायब्ररी.

दुभाष्या तुमच्याच मशीनवर घडवायचा असतो, म्हणून अधिकृत वितरण सोर्सच्या रूपात मिळतं. क्रम महत्त्वाचा: आधी जेसीसी बांधून बसवायचं, मग पायलूसीनच्या मेकफाइलमध्ये आपल्या पायथॉनचा पत्ता आणि जेसीसी चालवण्याची आज्ञा नीट भरायची, मग मेक. अनेकांचं गाडं इथे अडतं, कारण जेसीसी एका पायथॉनने बांधलेलं असतं आणि मेकफाइल दुसऱ्याच पायथॉनकडे बोट दाखवत असते.

"माझ्याकडे जावा आहे की!" असेल, पण नुसता जावा चालवण्यापुरता असेल तर उपयोग नाही. जेसीसी बांधायला जेडीके, म्हणजे जावात प्रोग्राम घडवण्याचा पूर्ण संच, लागतं, शिवाय सी प्लस प्लसचा कंपायलर. आवृत्तीही जुळायला हवी: लूसीन ९ ला निदान जावा ११ लागतं, लूसीन १० ला २१. जेडीके नेहमीच्या जागी नसेल तर 'जेसीसी_जेडीके' या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये त्याचा पत्ता द्यायचा. कंपाइल होताना पडदा बराच वेळ हलत नाही. अडकलं असं समजून कंट्रोल-सी दाबू नका. मेमरी कमी पडत असेल तर मेकफाइलमधल्या 'नम_फाइल्स'चा आकडा वाढवा, म्हणजे तयार झालेला कोड जास्त फाइलींत वाटला जातो.

बांधून झालं, इंपोर्टही झालं, तरी पहिलाच क्लास वापरताना प्रोग्राम कोसळतो. लोक पुन्हा सगळं पुसून बसवायला घेतात. दोष बसवण्यात नसतो. आधी 'इनिटव्हीएम' हे फंक्शन बोलवून जेव्हीएम जागं करावं लागतं, तेवढंच राहिलेलं असतं. वेब अ‍ॅपमध्ये आणखी एक मेख आहे: पायथॉनने सुरू केलेला प्रत्येक नवा थ्रेड जेव्हीएमला स्वतंत्रपणे जोडून द्यावा लागतो. ते विसरलं की अनेकदा एरर वाचायलाही वेळ मिळत नाही, अख्खी प्रोसेसच जाते.

आपल्याकडचा खास गैरसमज मात्र वेगळा. "युनिकोड चालतं, म्हणजे मराठी शोध आलाच." लूसीनचा स्टँडर्ड अ‍ॅनलायझर देवनागरी शब्द बरोबर सुटे करतो, पण 'घर', 'घरात', 'घराला' आणि 'घरातल्या' हे त्याच्या लेखी चार परके शब्द. लूसीनमध्ये हिंदी आणि बंगालीसाठी अ‍ॅनलायझर आहेत, मराठीसाठी तयार असा नाही. मग हिंदीचाच लावावा का? तो ऱ्हस्वदीर्घाचा भेद पुसतो, त्यामुळे 'दिन' आणि 'दीन' एक होतात, आणि मराठी विभक्ती त्याला कळत नाहीत. पण एक काम तो छान करतो. 'दऱ्या' हा शब्द कुणी ऱ वापरून टंकतं, कुणी साध्या र ला हलन्त देऊन पुढे न दिसणारं जोडचिन्ह घालतं. डोळ्यांना दोन्ही सारखे, इंडेक्सला वेगळे. त्या हिंदी अ‍ॅनलायझरमधला नॉर्मलायझर ऱ चा र करतो, हलन्त आणि ते जोडचिन्ह दोन्ही गाळतो, आणि दोन दऱ्या एक होतात. हा एक तुकडा उचलून पुढे स्वतःचा प्रत्यय छाटणारा फिल्टर जोडला तर बरंच साधतं.

असा फिल्टर लिहायला जावा शिकावंच लागतं, असंही नाही. पायलूसीनमध्ये 'पायथॉन टोकन फिल्टर' नावाचा क्लास आहे. तो वाढवून 'घरातल्या'चं 'घर' करणारे नियम थेट पायथॉनमध्ये लिहिता येतात. फक्त मग प्रत्येक शब्दामागे जावाकडून पायथॉनकडे हेलपाटा पडतो, आणि वर फोल म्हटलेली वेगाची भीती नेमकी इथे खरी ठरते.