सही करण्याआधी

रायगड जिल्ह्यात अलिबाग-कर्जतकडे काही शेतकऱ्यांनी मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांसाठी घरे बांधली आहेत. कुणाच्या आवारात पोहण्याचा तलावही असतो. तलाव एकदा बांधून होतो, पण तो स्वच्छ ठेवणे हे रोजचे काम. म्हणून देखभालीचे काम एखाद्या कंपनीला देतात. कंपनीचा माणूस चार पानी छापील करार आणतो. म्हणतो, "दादा, काळजी नको. इथं फक्त सही करा."

आम्ही म्हणतो, थांबा! आधी कागद वाचू या.

पहिली गोष्ट, काम कोणते? 'देखभाल करू' एवढे पुरत नाही. पाला काढणे, भिंती घासणे, तळाचा गाळ ओढणे, गाळणी धुणे. यातले कोणते काम आठवड्यातून किती वेळा, ते लिहिलेले हवे. पाणी कोण तपासणार, तेही हवे. एक लिटर पाण्यात साधारण १ ते ३ मिलिग्रॅम क्लोरीन असावे. कमी पडले तर रोगजंतू जगतात. उन्हाने क्लोरीन उडून जाते, म्हणून तपासणी रोज लागते. कंपनीचा माणूस आठवड्यातून दोनदाच येणार असेल, तर बाकीचे दिवस तपासणी आपल्या गळ्यात. ती आपल्याला शिकवण्याचे तरी कंपनीने लिहून द्यावे.

दुसरी गोष्ट, औषधाचा खर्च कोणाचा? ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सव्वा मीटर खोल पाणी म्हणजे ४०,००० लिटर झाले! त्याला औषध सतत लागते. 'औषधाचे पैसे वेगळे' अशी बारीक ओळ असली, तर स्वस्त दिसणारा करार महागात पडतो.

तिसरी गोष्ट, मोटार जळाली तर? देखभाल वेगळी आणि दुरुस्ती वेगळी. सुट्या भागांचे पैसे कोण देणार, ते पाहा.

चौथी गोष्ट, मुदत. वर्ष संपल्यावर करार आपोआप पुढे चालतो का? मोडायचा असेल तर किती दिवस आधी लेखी कळवायचे? पावसाळ्यात तलाव बंद ठेवला, तरी पैसे भरायचे का?

कंपनीचा माणूस म्हणेल, "ते सगळं आमच्याकडं लागलं." त्याला म्हणावे, "मग तेवढं लिहा की!"

कराराचा कायदा १८७२ सालचा आहे. फसवून घेतलेला करार त्या कायद्याने रद्द करता येतो. पण फसवणूक शाबीत करावी लागते. 'मी वाचलंच नव्हतं' एवढ्यावर सुटका होत नाही.

कागद इंग्रजीत असेल तर मराठीत मागा. कोऱ्या जागेवर रेघ ओढा. एक प्रत आपल्याजवळ ठेवा. आणि घाई कोणी केली, तर एक रात्र जाऊ द्या.

अंगठा उठवत होतो, तेव्हा कागद आपल्यापुढे मुका होता. आता तो बोलतो. त्याचे बोलणे पुरते ऐकावे, मगच सही करावी.