वारी थांबते तेव्हा

टाळेबंदी हा शब्द आम्हां गिरणीच्या लोकांना नवा नाही. मालकाने दरवाजाला कुलूप घातले की ती टाळेबंदी, मजुराने साचा थांबविला की तो संप. दोन्ही वेळा भांडण कोणाशी आहे हे ठाऊक असते. २०२० च्या मार्चमध्ये वर्तमानपत्रांनी हाच शब्द साऱ्या देशासाठी वापरला, तेव्हा मात्र कुलूप घालणारा मालक कोण आणि भरपाई मागावयाची कोणाकडे, हे कोणालाच सांगता येईना. महामारीने जे गाव किंवा जो देश केवळ पाहुण्यांवर जगतो त्याचे काय होते, हा आपला आजचा विषय आहे. त्यासाठी आरंभीच समुद्रापार जावयाचे कारण नाही. असे एक गाव आपल्या जिल्ह्यातच आहे.

पंढरपूरची वस्ती २०११ च्या जनगणनेत सुमारे ९९ हजार होती. आषाढीला तेथे दहा-बारा लाख माणूस जमतो असे दरवर्षी सांगितले जाते. डोकी कोणी मोजीत नाही, पण चंद्रभागेच्या वाळवंटात ज्याने एकदा पाय ठेवला आहे तो या आकड्याशी वाद घालणार नाही. म्हणजे गावाच्या दसपट पाहुणे काही दिवसांपुरते येतात. आषाढी, कार्तिकी, माघी आणि चैत्री अशा चार वाऱ्या, आणि मधल्या दिवसांत रोजची ये-जा. तालुक्यात ऊस आहे, साखर कारखाने आहेत. परंतु देवळाभोवतीचे जे गाव आहे त्याची शेती म्हणजे हे पाहुणेच.

वारकरी हा खर्चिक पाहुणा नव्हे. तो पायी येतो, मठात किंवा राहुटीत उतरतो, पुष्कळदा भाकरीही बांधून आणतो. परत जाताना बुक्का, कुंकू, चुरमुरे, पेढे, तुळशीची माळ, सुनेला बांगड्या, एखादी तसबीर, फार तर टाळांची जोडी घेतो. एकेकट्याचा खर्च पाहिला तर हसू येईल. पण दहा लाखांनी प्रत्येकी शंभर रुपये सोडले तर दहा कोटी होतात, आणि ते एखाद्या शेठजीच्या तिजोरीत न जाता हजारो लहान हातांत पडतात. फुलवाला, होडीवाला, न्हावी, टांगेवाला, चहावाला, खोली देणारी विधवा बाई, भांडी घासणारा पोरगा हे या गावाचे खरे कामगार होत.

आता या धंद्याचा एक गुण नीट समजून घेतला पाहिजे, कारण सारे इंगित त्यात आहे. गिरणी महिनाभर बंद पडली तरी कापूस कापूसच राहतो आणि विणलेली चादर गोदामात पडून राहते. दरवाजा उघडला की ती विकता येते, जादा पाळी लावून तूटही थोडी भरून काढता येते. पाहुण्यांच्या धंद्यात गोदाम नसते. १ जुलै २०२० ला आषाढी एकादशी होती. त्या रात्री जी खोली रिकामी राहिली ती २ जुलैला दुप्पट विकता येत नाही. होडीची न झालेली फेरी साठवून ठेवता येत नाही. पुढच्या वर्षी वारकरी आला तरी तो एकच बुक्क्याची पुडी घेणार. गेल्या सालची म्हणून दुसरी घेणार नाही. चुकलेला हंगाम हा उशिरा आलेला हंगाम नव्हे, तो गेलेला हंगाम असतो.

यातच उधारीची भर पडते. वारीचा माल वारीच्या आधी भरावा लागतो, आणि लहान दुकानदार तो रोखीने भरीत नाही. व्यापाऱ्याकडून उधार उचलावयाचे, आषाढीत फेडावयाचे आणि उरेल त्यात कार्तिकीपर्यंत घर चालवावयाचे, असा हा रहाट आहे. पोरांची शाळेची फी, घराचे शाकारणे, मुलीचे लग्न हे सगळे वारीच्या तिथ्यांवर बांधलेले असते. एक वारी चुकली तर माणूस उसने काढतो. पंढरपुरात किती चुकल्या ते पाहा. मार्च २०२० च्या मध्यास मंदिर भाविकांना बंद झाले. चैत्री गेली. आषाढीला संतांच्या पादुका ३० जूनला एस. टी.च्या गाड्यांतून आणल्या, बरोबर मोजकी माणसे. १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला, देवळे उघडली. पण कार्तिकीला गावात संचारबंदीच होती. २०२१ ची माघी तशीच. पुढे दुसरी लाट आली आणि एप्रिलमध्ये मंदिर पुन्हा बंद, म्हणून त्या वर्षीची चैत्री गेली आणि २० जुलैची आषाढीही गेली. ओळीने सहा वाऱ्या.

या काळात बँकांच्या हप्त्यांना मार्च ते ऑगस्ट २०२० अशी सहा महिन्यांची सवलत रिझर्व्ह बँकेने देऊ केली होती. व्याज मात्र चालूच राहिले. आणि ज्याने बँकेतून नव्हे तर सावकाराकडून किंवा माल देणाऱ्या व्यापाऱ्याकडून उचलले, त्याला ती सवलत काय उपयोगाची? माझ्या माहितीतल्या एका माळा विकणाऱ्या बाईंनी हातातल्या पाटल्या मोडल्या. त्या मला म्हणाल्या, “दादा, देव आत कोंडला होता, पण व्याज बाहेर फिरत होतं.” अर्थशास्त्राचे जे थोडे वाचन मी केले आहे त्यात याहून स्पष्ट वाक्य मला आढळले नाही.

नुकसान वेशीपाशी थांबत नाही. लॉजवाल्याची कमाई बुडाली की परटाचे धुणे थांबते, दूधवाल्याचे रतीब तुटते, फुलांच्या शेतकऱ्याचा झेंडू बांधावरच सुकतो. एकाचा खर्च ती दुसऱ्याची कमाई, एवढाच हा हिशेब आहे. पंडित त्याला मोठी नावे देतात. सोलापूरचेच पाहा. तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर, गाणगापूर या साऱ्या यात्रांचा माणूस आपल्या स्टेशनावर आणि स्टँडवर उतरतो आणि जाताना चादर घेऊन जातो. टॉवेलाचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे लॉज आणि हॉटेले, ती बंद. शाळा बंद, म्हणून शाळेचे गणवेश शिवणारे कारखाने थंड. पूर्वभागातल्या घरांत नवरा यंत्रमागावर आणि बायको विड्यांवर, अशी जोडी असे. एकाचे काम गेले तर दुसऱ्याच्या कमाईवर चूल पेटे. या वेळी माग आणि विडी दोन्ही एकदम थांबली.

आता देशांकडे वळू, कारण गावाला जो नियम तोच देशाला. २०१९ साली जगात परदेशी प्रवासी म्हणून सुमारे १४६ कोटी माणसे सीमा ओलांडून गेली. २०२० मध्ये हा आकडा ४० कोटींच्या आसपास आला. मालदीवला २०१९ मध्ये १७ लाख पाहुणे आले होते, २०२० मध्ये साडेपाच लाख. त्या देशाचे उत्पन्न एका वर्षात सुमारे एक-तृतीयांशाने घटले. थायलंडचे पाहुणे तर चार कोटींवरून ६७ लाखांवर आले, म्हणजे तूट प्रमाणाने अधिकच. पण त्या देशाचे एकूण उत्पन्न सहा टक्क्यांच्या आसपास घटले. हा फरक कशाने पडला? थायलंडकडे भातशेती आहे, मोटारींचे कारखाने आहेत. हॉटेलातला पोरगा गावी परतला तर तेथे निदान शेत होते. मालदीवच्या मजुराला परतावयाला समुद्राखेरीज काय आहे? मात्र त्याच समुद्राने मालदीवला एक सोय दिली. तेथे एका बेटावर एकच हॉटेल असते, म्हणून पाहुणा आपोआप वेगळा राहतो. जुलै २०२० मध्येच त्यांनी दार उघडले आणि २०२१ साली १३ लाख पाहुणे आले. पंढरपूरच्या वारीला ही युक्ती चालणारी नाही; वारी म्हणजेच गर्दी.

परदेशी पाहुण्याच्या खिशातून दुसरीही एक गोष्ट येते, ती म्हणजे परकीय चलन. त्यावर तेल, औषध, धान्य बाहेरून आणावयाचे असते. श्रीलंकेत २०१८ साली २३ लाख पाहुणे आले होते, २०२१ साली दोन लाखही नाहीत. तेथे इतरही चुका झाल्या होत्या: कर कमी केले, रासायनिक खत एकाएकी बंद केले, कर्जे तर आधीचीच होती. सगळे खापर महामारीवर फोडणे बरोबर नव्हे. तरी चलनाचा झरा आटल्यामुळे त्या चुका झाकण्याला वाव राहिला नाही, आणि एप्रिल २०२२ मध्ये परदेशी कर्ज फेडता येत नाही असे त्या सरकारला जाहीर करावे लागले. आपल्या शेजारच्या गोव्याचे दोन पाय म्हणजे खाणी आणि पाहुणे. सुप्रीम कोर्टाच्या निकालाने मार्च २०१८ मध्ये खाणी थांबल्या आणि दोन वर्षांनी विमाने थांबली.

यात्रा आणि रोग यांचे नाते जुने आहे. एकोणिसाव्या शतकात वारीबरोबर पटकी गावोगाव जाई, आणि पंढरपुरात यात्रेकरूंवर कर बसवून त्यातून स्वच्छतेचा खर्च केला जाई. प्लेगच्या वेळी इंग्रजांनी १८९७ साली साथीच्या रोगांचा कायदा केला. २०२० मध्ये आपल्या राज्याने तोच हाती घेतला. माझे मत विचाराल तर वारी थांबविली ते योग्यच केले. दहा लाखांच्या गर्दीतून रोग खेड्याखेड्यांत गेला असता. तक्रार बंदीविषयी नाही. सर्वांच्या जिवासाठी ज्यांचा हंगाम बुडविला, त्यांचे पोट सर्वांनी सांभाळावयास हवे होते, अशी माझी तक्रार आहे.

ते का झाले नाही? सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे खोटे ठरेल. शिधापत्रिकेवर माणशी पाच किलो धान्य मिळाले, आणि त्याने पुष्कळ घरे तगली. २९ मार्च २०२० ला केंद्राने मालकांनी पूर्ण पगार द्यावा असा हुकूम काढला व मे महिन्यात मागे घेतला. पण ज्याला मालकच नाही त्या होडीवाल्याला तो हुकूम लागू कसा व्हावा? फेरीवाल्यांसाठी जूनमध्ये दहा हजारांची योजना आली. ते कर्ज होते, आणि २४ मार्च २०२० रोजी वा त्यापूर्वी शहरात विक्री करीत असल्याचा पुरावा लागे. वारीपुरता खेड्यातून येऊन पथारी मांडणारा हा पुरावा कोठून आणणार? एप्रिल २०२१ मध्ये राज्याने दीड-दीड हजार रुपये दिले, ते परवानाधारक रिक्षावाल्याला, नोंदणीकृत फेरीवाल्याला, नोंदणीकृत बांधकाम कामगाराला. प्रत्येक ठिकाणी विशेषण तेच. मी गिरणीत बदली म्हणून उभा राहिलो तेव्हा जुन्या कामगारांनी पहिली गोष्ट हीच शिकविली होती की काम मिळो न मिळो, हजेरीपटावर नाव चढले पाहिजे. पंढरपूरच्या मजुराचा हजेरीपटच नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये असंघटित कामगारांची ई-श्रम नोंदणी सुरू झाली, ते चांगलेच झाले. पण नाव लिहिले म्हणजे हंगाम बुडाल्यावर पैसा मिळेल असे त्यात कोठे आहे?

मालक अनेक आणि मजूर एक, अशा कामाला आपल्या राज्याने पूर्वीच एक उपाय काढलेला आहे. मार्केटातल्या हमालाची हीच अडचण होती. आज या अडत्याकडे, उद्या त्या अडत्याकडे. १९६९ च्या माथाडी कायद्याने मंडळ नेमले, हमालाची नोंद मंडळाकडे ठेवली आणि व्यापाऱ्याकडून मजुरीबरोबर लेव्ही घेऊन त्यातून भविष्यनिधी, रजा, बोनस यांची सोय केली. तसेच मंडळ यात्रेच्या गावांसाठी का नसावे? लेव्ही वारकऱ्याकडून मुळीच घेऊ नये; जुन्या यात्राकराची आठवण त्याला पुन्हा नको. ती मोठ्या लॉजवाल्यांनी, घाऊक व्यापाऱ्यांनी, मंदिर समितीने आणि सरकारने भरावी. हंगाम बुडाला तर नोंदलेल्या प्रत्येकाला ठरावीक दिवसांची मजुरी मिळावी.

अडचणी आहेत. वारीपुरता येणाऱ्याची नोंद कोठे करावयाची, त्याच्या गावी की पंढरपुरात? एकाच माणसाची तुळजापुरात आणि पंढरपुरात दोनदा नोंद झाली तर? लहान दुकानदार मालक धरावा की मजूर? हे प्रश्न २०२१ च्या कार्तिकीला मी तेथील लोकांपुढे ठेवले होते. त्या वेळी वारीला परवानगी मिळाली, पण एस. टी. कामगारांचा संप चालू होता आणि गाड्या आगारात उभ्या होत्या. संपाला माझा पाठिंबा होता, आणि समोर बसलेल्या लोकांची सातवी वारीही अर्धीमुर्धीच होणार होती. त्यांनी मला बरेच सुनावले, मग बसून नावांची यादी करू लागले. ३१२ नावे झाली. पुढे १० जुलै २०२२ ची आषाढी पूर्वीसारखी भरली, तेव्हा मी ती यादी घेऊन पुन्हा गेलो. त्यातील बहुतेकांची त्या आठवड्याची कमाई दोन वर्षांच्या उधारीतच गेली होती, आणि ४७ जण गाव सोडून पुण्याकडे कामाला गेले होते.