किल्ली कोणाच्या कनवटीला?

लालबाग-परळच्या चाळींत ज्यांचे बालपण गेले त्यांना हे सांगावयास नको की, गिरणगाव ही मुळात आणलेल्या माणसांची वस्ती होती. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या जिल्ह्यांतून बोटीने येवो अथवा घाट उतरून येवो, मुंबईस येणारा तरुण बहुधा कोणाचे तरी बोट धरून येई. तो कोणीतरी कधी सख्खा चुलता असे, कधी गावचा शेजारी, आणि कधी गिरणीतील एखाद्या खात्याचा जॉबर, जो नोकरी लावून दिल्याबद्दल दस्तुरी घेई आणि पुढेही घेतच राही. गावकऱ्यांच्या खोलीत पथारी, खानावळीत दोन वेळचे जेवण, उशाशी पत्र्याची ट्रंक आणि पगार झाला की पोस्टात मनिऑर्डरीची रांग, एवढाच त्याचा मुंबईतील संसार. जॉबर लाचखाऊ असे, सावकार दारात उभा राही, खोलीत पाय पसरावयास जागा नसे, हे सारे खरे. तथापि त्या ट्रंकेची किल्ली त्या माणसाच्याच कनवटीला असे, आणि मनिऑर्डरीच्या कुपनावरील चार ओळी, दुसऱ्याकडून लिहवून घेतलेल्या असल्या तरी, त्याच्या मनातल्या असत.

मानवी व्यापार, म्हणजे माणसांची खरेदी-विक्री आणि त्यांच्या श्रमाचा वा देहाचा जुलमाने केलेला उपभोग, ओळखावयाचा तर माझ्या मते हीच कसोटी हाती धरावी. माणूस कोणी आणला, कोठून आणला, हे प्रश्न दुय्यम आहेत; आणल्यानंतर त्याची किल्ली कोणाजवळ राहिली, हे आधी पाहावे.

आपल्या मनातले चित्र मात्र निराळेच असते. काळ्या काचांची मोटार, गुंगीच्या औषधाचा रुमाल, अंधाऱ्या गल्लीतून उचलून नेलेली मुलगी असा देखावा चित्रपटांनी आपल्या डोळ्यांसमोर इतका पक्का बसविला आहे की, दिवसाढवळ्या, सर्वांच्या देखत, आईच्या पाया पडून निघालेली मुलगी विकली जात असेल अशी शंकाही आपणांस येत नाही. वास्तविक नेणारा बहुधा ओळखीचाच असतो. तो 'मुंबईत चांगल्या घरी काम लावतो' म्हणतो, हुंड्यावाचून लग्न जमवितो, घरच्यांच्या हातावर थोडी उचल ठेवतो. राज्यघटनेच्या तेविसाव्या अनुच्छेदाने मानवी व्यापार आणि वेठबिगार या दोहोंस एकत्रच मनाई केली आहे. २०१३ साली दंडविधानाच्या ३७० व्या कलमात या गुन्ह्याची सविस्तर व्याख्या झाली, आणि १ जुलै २०२४ पासून तीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या १४३ व्या कलमात आहे. धाक, फसवणूक, आमिष, अधिकाराचा गैरवापर यांपैकी काहीही योजून शोषणासाठी माणूस नेला, तर 'ती आपखुशीने आली होती' हा बचाव चालत नाही, असे हे कलम स्पष्ट बजावते. व्यवहारात सर्वांत अधिक ऐकू येणारे समर्थन नेमके तेच आहे, म्हणून वाचकाने हा तपशील ध्यानात ठेवावा.

गिरगावातून पायी जाता येईल अशा डंकन रोडवर, ज्यास आज मौलाना आझाद रोड म्हणतात, १९१७ साली एका कुंटणखान्यात अकूताई नावाच्या स्त्रीचा अमानुष छळ करून जीव घेण्यात आला. तिचा अपराध एवढाच की, तिने तेथून पळून जाण्याचा यत्न केला होता. खटल्यातील हकीकती ऐकून शहर हादरले, आणि पुढे १९२३ साली मुंबई प्रांतात वेश्याव्यवसाय प्रतिबंधक कायदा झाला. गजबजलेल्या रस्त्यावर, भोवती शेकडो बिऱ्हाडे असताना हे घडले, आणि ही गोष्ट मला त्या खटल्याइतकीच अस्वस्थ करते. भोवतालच्यांना काहीच दिसले नसेल असे मानणे कठीण आहे. दिसले त्याचा अर्थ लावण्याची तसदी कोणी घेतली नाही, हेच अधिक संभवनीय.

त्यानंतर जवळजवळ ऐंशी वर्षांनी, ५ फेब्रुवारी १९९६ रोजी, त्याच परिसरात पोलिसांनी धाडी घालून चारशेंहून अधिक मुली व स्त्रिया सोडविल्या. त्यांत नेपाळच्या दोनशेंवर होत्या. त्यांना परत नेण्यासही प्रारंभी टाळाटाळ झाली. परंतु परतलेल्यांपैकी काहींनी काठमांडूत 'शक्ती समूह' ही संस्था उभारली आणि २०१३ साली तिला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आपल्यासारख्याच फसविल्या गेलेल्या मुलींना ओळखणे आणि सावरणे हे कार्य या स्त्रियांनी हाती घेतले.

हा व्यापार कुंटणखान्यापुरता आहे, अशी समजूत असेल तर ती सोडावी. २०२२ साली इगतपुरी तालुक्यातील कातकरी मुले मेंढपाळांकडे राबावयास दिली गेल्याचे उघडकीस आले, तेव्हा एका लेकराचा मोबदला काही शे रुपये आणि एक मेंढी एवढा निघाला. आणि दादर-माटुंग्याच्या सुसंस्कृत घरांनी तरी छाती पुढे का काढावी? चौदा वर्षांखालील मुलास घरकामास ठेवणे १० ऑक्टोबर २००६ पासून निषिद्ध आहे. तरीही शेजारच्या ब्लॉकमध्ये 'गावाकडची, नात्यातलीच' म्हणून एखादी मुलगी असते, जी शाळेत जात नाही, दार उघडते पण उंबरठा ओलांडत नाही, नाव विचारले की आधी मालकिणीकडे पाहते, आणि जिचा पगार 'तिच्या वडिलांकडे पाठवितो' असे सांगितले जाते. यांतील एकेक गोष्ट निरुपद्रवी वाटेल. त्या एकत्र आल्या म्हणजे कनवटीची आठवण व्हावी.

कारखान्यात तीच किल्ली कर्जाच्या वहीत असते. उचल फिटत नाही, जेवणखाण आणि औषधपाणी तिच्यातच मिळविले जाते, आधारकार्ड 'सांभाळण्यासाठी' मालकाकडे राहते, बाहेरून कडी लागते, आणि घरी फोन करावयाचा तर कोणीतरी शेजारी उभे राहते. दादर स्थानकात बाहेरगावच्या गाडीतून उतरणाऱ्या मुलांच्या घोळक्यातही हाच सूर ऐकू येतो: कोठे जावयाचे ते मुलांना ठाऊक नसते, सर्वांची उत्तरे एकाच साच्यातली असतात, आणि तिकिटे एकाच्याच खिशात, जो कोणाचाच बाप नसतो.

हल्ली शिकलेली मुलेही या सापळ्यात सापडतात. बँकॉकला संगणकावरची नोकरी म्हणून निघालेले तरुण म्यानमारच्या सीमेवरील वाड्यांत कोंडले जातात, पारपत्र काढून घेतले जाते आणि फोनवरून लोकांना लुबाडण्याचे काम सक्तीने करविले जाते. मुलाखत केवळ फोनवर, व्हिसा पर्यटकाचा, कागद शेवटच्या दिवशी, असे दिसले की घरच्यांनी पाऊल मागे घ्यावे. परदेशी नोकरभरती करणाऱ्या दलालास १९८३ च्या कायद्यान्वये सरकारी नोंदणी आवश्यक आहे, आणि त्याची फी तीस हजार रुपये व त्यावरील करापलीकडे जाऊ नये असा नियम आहे. नोंदणी क्रमांक मागताच जो रागावतो, त्याचे उत्तर मिळालेच समजावे.

येथे एक इशारा दिल्यावाचून पुढे जाणे मला प्रशस्त वाटत नाही. मे २०२३ मध्ये भुसावळ आणि मनमाड स्थानकांवर बिहारहून सांगलीच्या मदरशाकडे निघालेली ५९ मुले उतरवून घेण्यात आली. सोबतचे पाच शिक्षक सुमारे महिनाभर तुरुंगात राहिले, आणि २०२४ साली पोलिसांनीच प्रकरण गैरसमजातून घडल्याचे सांगून ते बंद केले. त्याहून भीषण म्हणजे धुळे जिल्ह्यातील राईनपाडा: १ जुलै २०१८ रोजी मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारले. लक्षण म्हणजे पुरावा नव्हे. त्यावरून एवढेच ठरते की कोणीतरी अधिकृत माणसाने रुजवात घालावी. पेहराव, भाषा, धर्म, दारिद्र्य यांवरून तर कोणतेच लक्षण सिद्ध होत नाही. संशयिताला अडवू नये, मुलाला ओढू नये, त्याचे छायाचित्र काढून भ्रमणध्वनीवर फिरवू नये. तसे केल्याने निरपराध मारला जातो आणि अपराधी सावध होऊन जागा बदलतो.

काय पाहिले, कोठे, किती वाजता, गाडीचा डबा कोणता, खोली कितव्या मजल्यावर, एवढे टिपून घ्यावे आणि कळवावे. खातरजमा करणे हे आपले काम नाही. मूल असेल तर १०९८, इतर कोणी असेल तर ११२. यांपैकी पहिली सेवा १९९६ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने याच मुंबईत सुरू केली आणि मग ती देशभर गेली. ती दिवसरात्र चालते, आणि फोनला पैसे पडत नाहीत.